हमीपत्राची हद्द

मनमाडहून निघून छत्रपती संभाजीनगर, बदनापूर, जालना, रांजणी, परतूर अशी स्थानके मागे टाकीत परभणी-नांदेडमार्गे मुदखेडकडे जाणारा जो लोहमार्ग निजामाच्या अमदानीत, १९०० सालाच्या आसपास, हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे या नावाने मीटरगेजवर सुरू झाला आणि पुढे ब्रॉडगेज झाला, त्याच्याकडे मराठवाड्यातील एक जुना, एकेरी आणि काहीसा उपेक्षित मार्ग म्हणून पाहण्याची आपल्याला सवय जडलेली आहे. परंतु गाड्यांची टक्कर टाळण्यासाठी आपल्याच देशात तयार झालेली ‘कवच’ ही स्वयंचलित यंत्रणा ज्या १,४६५ किलोमीटर मार्गांवर दक्षिण मध्य रेल्वेने इतरांच्या आधी बसविली, त्यांत हा मनमाड-मुदखेड मार्गही आहे, ही गोष्ट जालना जिल्ह्यातील फार थोड्या प्रवाशांना ठाऊक असेल. संगणकाच्या आज्ञावलीवर, म्हणजे आपण आता सर्रास ज्याला सॉफ्टवेअर म्हणतो त्यावर, माणसांचे प्राण सोपविण्याचा हा प्रकार आपल्या जिल्ह्याच्या हद्दीत रोज घडत असल्यामुळे, असे सॉफ्टवेअर एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी वापरताना कोणती काळजी घ्यावी लागते, हा विषय केवळ तज्ज्ञांच्या दप्तरात राहू देण्यासारखा नाही.

कवचाचे काम समजण्यास कठीण नाही. रुळांच्या मधोमध स्लीपरवर घट्ट बसविलेल्या लहानशा टॅगवरून इंजिन गेले, की इंजिनाच्या तळाशी असलेला वाचक त्यातील क्रमांक वाचून आपण नेमके कोठे आहोत हे जाणतो. स्थानकातील यंत्र सिग्नलांची आणि रूळ बदलणाऱ्या पॉइंटांची स्थिती त्यांची परस्पर सांगड राखणाऱ्या इंटरलॉकिंग व्यवस्थेकडून घेऊन, अमुक ठिकाणापर्यंतच पुढे जाण्याची मुभा आहे असा संदेश रेडिओच्या टॉवरवरून इंजिनास पाठविते. आणि इंजिनातील संगणक गाडीचा वेग, मार्गाचा चढउतार व उरलेले अंतर यांचा हिशेब क्षणोक्षणी मांडीत राहून, लोको पायलटने वेळेवर ब्रेक लावला नाही तर तो आपण होऊन लावतो. ४ मार्च २०२२ रोजी गुल्लागुडा आणि चिटगिड्डा या स्थानकांच्या दरम्यान रेल्वेमंत्र्यांना घेऊन धावणारे इंजिन समोर उभ्या असलेल्या दुसऱ्या इंजिनाच्या अलीकडे ३८० मीटरवर आपोआप थांबले, ते याच हिशेबाच्या बळावर. या यंत्रणेकडून सुरक्षिततेची जी चौथी, म्हणजे सर्वोच्च, पातळी अपेक्षिली जाते तिचा अर्थ असा, की धोकादायक बिघाड होण्याचा संभव दर तासाला दहा कोटींत एकाहून कमी असला पाहिजे. दहा कोटी तास म्हणजे अकरा हजारांहून अधिक वर्षे. इतक्या दीर्घ काळाची ग्वाही केवळ यंत्र चालवून पाहून कोणालाही देता येणार नाही, हे उघड आहे. ती द्यावी लागते ती विचारपूर्वक केलेल्या रचनेच्या, विश्लेषणाच्या आणि लेखी पुराव्याच्या आधारे. आणि म्हणूनच या क्षेत्रात प्रत्यक्ष सॉफ्टवेअरइतकेच महत्त्व त्याच्यासोबत असणाऱ्या दस्तऐवजांना येते.

आता बदनापूरसाठी एक, रांजणीसाठी दुसरे आणि परतूरसाठी तिसरे, असे प्रत्येक स्थानकासाठी सॉफ्टवेअर मुळापासून नव्याने लिहावे, असे कोणी सुचविणार नाही. तसे केले तर खर्च तर अवाढव्य होईलच, शिवाय प्रत्येक नव्या लिखाणाबरोबर नव्या चुका शिरतील. जो भाग अनेक ठिकाणी चालला, ज्याचे दोष अनुभवाने उघडकीस येऊन दुरुस्त झाले, तोच पुन्हा वापरणे हा सुज्ञपणा होय, आणि या बाबतीत माझ्या मनात कसलाही किंतु नाही. कवचाचीच हकिकत घ्या. प्रवासी गाड्यांवरील पहिल्या चाचण्या फेब्रुवारी २०१६मध्ये सुरू झाल्या, त्रयस्थ परीक्षकाकडून सुरक्षिततेची तपासणी होऊन २०१८-१९मध्ये तीन भारतीय कंपन्यांना पुरवठ्याची मान्यता मिळाली, जुलै २०२०मध्ये ही राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारली गेली, आणि दक्षिण मध्य रेल्वेवर ३.२ या आवृत्तीचा जो अनुभव मिळाला त्याच्या आधारे सुधारलेल्या ४.० या आवृत्तीस लखनौच्या आरडीएसओने, म्हणजे रेल्वेच्या संशोधन व मानक संघटनेने, १६ जुलै २०२४ रोजी मंजुरी दिली. म्हणजे आपल्या जालन्यावरून जाणाऱ्या मार्गासारख्या मार्गांवर जे शिकता आले, ते देशभराच्या उपयोगी पडत आहे. पुनर्वापराचा याहून चांगला दाखला शोधून सापडणार नाही.

मग धोका कोठे आहे? तो अशा ठिकाणी आहे, की जेथे भाग नव्या जागी जातो, परंतु तो ज्या अटींवर निर्धोक ठरला होता त्या अटी जुन्याच जागी राहून जातात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अवकाशविज्ञानाच्या इतिहासात आहे. ४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील कुरू येथील तळावरून युरोपचे नवे प्रक्षेपक यान एरियान-५ आपल्या पहिल्या उड्डाणास निघाले आणि चाळीस सेकंदांच्या आतबाहेर, सुमारे ३,७०० मीटर उंचीवर, आपल्याबरोबरच्या चार वैज्ञानिक उपग्रहांसह नष्ट झाले. यानाची दिशा व गती मोजणारे उपकरण आणि त्यातील सॉफ्टवेअर एरियान-४ या आधीच्या यशस्वी यानातून जवळजवळ जसेच्या तसे घेतलेले होते. त्यात यानाच्या आडव्या गतीशी निगडित अशी एक मोठी संख्या सोळा द्विमान अंकांच्या लहान जागेत उतरवून घेण्याची एक पायरी होती. त्या जागेत ३२,७६७पेक्षा मोठी संख्या मावत नाही. एरियान-४च्या उड्डाणमार्गावर ही मर्यादा ओलांडली जाणे शक्य नव्हते, म्हणून, आणि संगणकावरील भार ८० टक्क्यांच्या आत ठेवावयाचा म्हणून, धोका असलेल्या सात राशींपैकी चारांनाच संरक्षण देऊन उरलेल्या तीन विचारपूर्वक तशाच सोडलेल्या होत्या. त्या काळी, त्या यानासाठी, तो निर्णय चुकीचा नव्हता. परंतु एरियान-५चा मार्ग वेगळा होता; त्याची आडवी गती आरंभापासूनच कितीतरी अधिक वेगाने वाढत होती. संख्या जागेत मावेना, उपकरण बंद पडले. त्याचा जोडीदार, जो नेमका अशा प्रसंगासाठी राखीव ठेवलेला होता, तोही त्याच सॉफ्टवेअरवर चालत असल्यामुळे त्याच कारणाने ७२ सहस्रांश सेकंद आधीच बंद पडलेला होता. बंद पडताना उपकरणाने पाठविलेला दोषदर्शक मजकूर मुख्य संगणकाने उड्डाणाची खरी माहिती समजून वाचला, आणि नसलेली चूक सुधारण्यासाठी यानाचे तोंड एकाएकी फिरविले.

जाक-लुई लियोंस यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने त्याच वर्षी १९ जुलै रोजी दिलेल्या अहवालात ज्या दोन गोष्टी नमूद केल्या आहेत, त्या कोणाही अभियंत्याने वारंवार वाचाव्यात अशा आहेत. एक ही, की ज्या गणितामुळे हे घडले त्याची एरियान-५ला उड्डाणानंतर काहीच गरज नव्हती. ते केवळ एरियान-४च्या सोयीसाठी उड्डाणानंतर चाळीस सेकंद चालू ठेवलेले होते आणि कोणी काढले नाही म्हणून राहिले. दुसरी अधिक गंभीर. नव्या यानाचा उड्डाणमार्ग त्या उपकरणाच्या अपेक्षापत्रकात घालावयाचाच नाही, असे संबंधित पक्षांनी आपसांत ठरविले होते. भाग आला, पण त्याची नव्या परिस्थितीशी रुजवात घालण्याची तरतूद कागदावरसुद्धा झाली नाही. त्या आज्ञावलीत त्या दिवशी नवी चूक कोणी केलेली नव्हती. ती आपल्या हद्दीत बरोबरच होती. चूक झाली ती हद्द न पाहणाऱ्यांची.

याच्या दहा वर्षे आधी, १९८५ ते १९८७ या काळात, थेरॅक-२५ या कर्करोगावरील किरणोपचाराच्या यंत्राने अमेरिका व कॅनडा येथे सहा रुग्णांना अतिरेकी मात्रा दिली. त्यातील सॉफ्टवेअरचे काही भाग आधीच्या यंत्रांतून घेतलेले होते, आणि त्यातला एक दोष थेरॅक-२० या जुन्या यंत्रातही होता. पण तेथे स्वतंत्र विद्युत-यांत्रिक अडसर असल्यामुळे फार तर फ्यूज उडे, रुग्ण वाचत असे. नव्या यंत्रातून ते अडसर काढून टाकले, आणि आजवर अडसरांच्या आडोशाला लपलेला दोष उघड्यावर आला. ज्या भागाने वर्षानुवर्षे अपघात केला नाही, तो स्वतःच्या गुणाने निर्दोष होता की शेजाऱ्याच्या आधाराने, हे पाहिल्यावाचून त्याच्या पूर्वलौकिकावर विसंबणे किती महाग पडते, ते यावरून दिसते.

रेल्वेच्या सिग्नलक्षेत्रातील युरोपीय मानकांनी, आणि आपल्या कवचाच्या विनिर्देशातही याच मानकांचा आधार घेतलेला आहे, या प्रश्नावर जो तोडगा काढला तो मला फार समंजस वाटतो. त्यांत सुरक्षिततेचा पुरावा तीन थरांत मांडावयाचा असतो. पहिला थर मूळ उत्पादनाचा: संगणकाचा संच, दोन किंवा तीन गणकांनी एकमेकांचे उत्तर ताडून पाहण्याची व्यवस्था, संदेश तपासण्याचे नियम, हे सर्व कोठेही बसविले तरी सारखेच राहणारे. दुसरा थर एका प्रकारच्या उपयोगाचा, जसा भारतीय रेल्वेच्या सिग्नलपद्धतीचा. तिसरा थर प्रत्यक्ष एका जागेचा. खालच्या थराचा पुरावा वरच्या थराने पुन्हा सिद्ध करावा लागत नाही, तो जसाच्या तसा स्वीकारता येतो. मात्र प्रत्येक थर आपल्या कैफियतीच्या शेवटी वापराच्या अटी लिहून देतो, आणि वरच्या थराने त्यांतील एकेका अटीपुढे ती आपण कशी पाळली हे लेखी दाखविल्याशिवाय ती उसनवारी ग्राह्य धरली जात नाही.

जालन्यासारख्या स्थानकाच्या बाबतीत या तिसऱ्या थरात काय येते ते पाहा. कोणत्या क्रमांकाचा टॅग किती किलोमीटर किती मीटरवर आहे, तेथून पुढचा सिग्नल किती अंतरावर, मध्ये चढ आहे की उतार आणि किती, लूप लाइनवर वेगाची मर्यादा काय, कोणत्या मार्गासाठी कोणते पॉइंट कोणत्या बाजूस असले पाहिजेत: ही सगळी माहिती तक्त्यांच्या रूपाने भरलेली असते. सॉफ्टवेअर कितीही शुद्ध असले तरी परतूरचा उतार चुकून दुसऱ्याच स्थानकाच्या तक्त्यात पडला, किंवा एका टॅगचे अंतर मोजताना शंभर मीटरांची गफलत झाली, तर ते शुद्ध सॉफ्टवेअर अत्यंत निष्ठेने चुकीच्या जागी ब्रेक लावील. म्हणून हे तक्ते तयार करणारा एक आणि तपासणारा दुसरा असावा लागतो, आणि कागदावरील आकडे रुळांवर प्रत्यक्ष जाऊन ताडून पाहावे लागतात. हे काम कंटाळवाणे आहे, त्याला कोणी टाळ्या वाजवीत नाही. परंतु प्रवाशाच्या जिवाची हमी शेवटी या तक्त्याच्या अचूकपणावर येऊन ठेपते.

२ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा सिग्नल मिळूनही ती लूप लाइनवर उभ्या असलेल्या मालगाडीवर आदळली आणि २९०हून अधिक माणसे प्राणास मुकली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलच्या जोडण्यांतील फेरबदलांतल्या चुका पुढे आल्या. आणि सीबीआयने न्यायालयात असा आरोप मांडला, की ९४ क्रमांकाच्या फाटकाजवळील काम ७९ क्रमांकाच्या फाटकाच्या आकृतीवरून केले गेले. त्या आरोपाचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे. हा प्रकार सॉफ्टवेअरचा नसून तारांच्या जोडणीचा आहे, हेही खरे. परंतु एका जागेची नक्कल दुसऱ्या जागी नेताना कोणती चिंता वाहावयास हवी, हे सांगण्यास याहून दुःखद निमित्त नको.

जालन्याच्या वाचकाला वर सांगितलेल्या वापराच्या अटींच्या लेखी पत्रकाची कल्पना समजाविण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिको स्थापन केल्यापासून हे शहर बियाण्यांचे माहेर झाले आहे, आणि बियाण्याच्या पिशवीवरील लेबलात जात, लॉट क्रमांक, उगवणशक्ती, चाचणीची तारीख आणि मुदत हे सर्व छापलेले पाहिल्याशिवाय येथला शेतकरी पिशवी उचलीत नाही. लॉटमध्ये दोष निघाला तर त्या क्रमांकावरून तो कोणकोणत्या दुकानांत गेला याचा माग काढता येतो, आणि मुदत सरल्यावर तेच बी पुन्हा तपासून घ्यावे लागते. सॉफ्टवेअरच्या भागांना असे लेबल असावे, ही मागणी मात्र जगाला फार उशिरा सुचली.

ती सुचली ती अपघातांपेक्षा घातपातांच्या भयाने. डिसेंबर २०२१मध्ये ‘लॉग४जे’ या नोंदी ठेवण्याच्या एका लहानशा, विनामूल्य आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या भागात असा दोष उघड झाला, की दूरवरचा कोणीही इसम विशिष्ट मजकूर पाठवून परक्या संगणकाचा ताबा घेऊ शके. दोषाची दुरुस्ती लगोलग आली. पण आपल्या यंत्रणेत हा भाग आहे की नाही, हेच असंख्य संस्थांना सांगता येईना, कारण तो त्यांनी स्वतः घेतलेला नव्हता, घेतलेल्या भागाच्या पोटातील भागाच्या पोटात तो बसलेला होता. मार्च २०२४मध्ये ‘एक्सझेड’ या भागाचे प्रकरण याहून भयंकर निघाले. कोणा अज्ञात व्यक्तीने दोनेक वर्षे मदतनीस म्हणून वावरून त्या भागाच्या मूळ सांभाळकर्त्याचा विश्वास संपादन केला आणि आत चोरदरवाजा ठेवला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावरील प्रवेशास अर्धा सेकंद अधिक का लागतो असा प्रश्न पडला नसता, तर तो दरवाजा जगभरच्या यंत्रांत जाऊन पोहोचला असता. आपल्याकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने ऑक्टोबर २०२४मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी ठेवण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. सार्वजनिक पैशाने घेतलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या यंत्रणेसोबत ही यादी असलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रेल्वेला हा धोका परका नाही. ऑगस्ट २०२३मध्ये पोलंडमध्ये कोणी तरी रेडिओवरून ठराविक स्वर वाजविले आणि वीसहून अधिक गाड्या जागच्या जागी थांबल्या. कारण तेथील जुनी आपत्कालीन व्यवस्था तो आदेश कोणी दिला हे विचारीतच नसे. ती रचली गेली त्या काळी असा रेडिओ बाळगणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते, आज तो स्वस्तात मिळतो. म्हणजे यंत्र हलले नाही तरी भोवतालचे जग हलले, आणि जुनी हमी आपोआप निकालात निघाली. रेडिओसारख्या उघड्या माध्यमातून जाणाऱ्या संदेशांसाठी जे मानक आहे ते सात प्रकारच्या संकटांची गणना करते: संदेश पुन्हा येणे, गहाळ होणे, मध्येच घुसविला जाणे, क्रम चुकणे, बिघडणे, उशिरा पोहोचणे, आणि तोतयाने तो पाठविणे. रचनाकाराने यांतील प्रत्येकाचा बंदोबस्त दाखवावयाचा असतो.

येथे एक खरीखुरी अडचण उभी राहते, आणि ती लपविण्यात अर्थ नाही. अपघातापासून रक्षण करणारा अधिकारी म्हणतो, की एकदा तपासून मान्य झालेल्या सॉफ्टवेअरला हात लावू नका, कारण एक ओळ बदलली तरी पुरावा पुन्हा जमवावा लागेल. घातपातापासून रक्षण करणारा म्हणतो, की दोष कळताच आजच्या आज दुरुस्ती बसवा. दोघांचेही म्हणणे रास्त आहे. यातून निघण्याची वाट म्हणजे रचना करतानाच प्राणांशी संबंधित भाग लहान, साधा आणि वेगळा ठेवणे, बाहेरून आणलेले व वारंवार दुरुस्त होणारे भाग त्याच्या कुंपणाबाहेर ठेवणे, आणि बाहेरचा भाग बिघडला किंवा फितूर झाला तरी आतल्याने गाडी थांबविण्याकडेच कौल द्यावा अशी तजवीज करणे. रेल्वेच्या सॉफ्टवेअरचे मानक वरच्या पातळ्यांसाठी हेच सांगते: बाहेरचा तयार भाग घेतलात तर तो कसकसा बिघडू शकेल ते शोधा, तो बिघाड ओळखण्याची व त्यापासून यंत्रणा वाचविण्याची योजना करा, आणि ती योजना चालते हे चाचणीने दाखवा.

हे सर्व आताच लिहिण्याचे कारण असे, की जालना जिल्ह्यात हा प्रश्न लवकरच पुन्हा उभा राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४मध्ये जालना ते जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गाला आणि जुलै २०२५मध्ये छत्रपती संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटरच्या दुपदरीकरणाला मंजुरी दिली आहे. दुसरी लाइन पडली की बदनापूर, जालना, रांजणी, परतूर येथील यार्डांची रचना बदलेल, नवे पॉइंट आणि नवे सिग्नल येतील, टॅगांची अंतरे बदलतील. सॉफ्टवेअर तेच राहील, पण प्रत्येक स्थानकाचा तक्ता नवा होईल आणि त्याबरोबर तिसऱ्या थराचा संपूर्ण पुरावा नव्याने द्यावा लागेल. ज्यांच्या हाती या कामांची मुदत ठरविण्याचा अधिकार आहे, त्या रेल्वेच्या अधिकाऱ्यांना आणि कामे लवकर व्हावीत म्हणून कळकळीने पाठपुरावा करणाऱ्या आपल्या लोकप्रतिनिधींना माझी विनंती एवढीच आहे, की उद्घाटनाची तारीख मुक्रर करण्यापूर्वी प्रत्येक यार्डाच्या या फेरतपासणीला किती दिवस लागतील ते तपासणाऱ्यांनाच विचारावे, आणि ते जितके सांगतील तितके दिवस त्यांना पूर्ण द्यावेत.